पटक्याचं दुसरं टोक

शालन गेली तेव्हा मी साताऱ्याला भाचीच्या लग्नात होते. पंगती उठत होत्या आणि सांगलीहून शेजारणीचा फोन आला. "बाई, तुमी हायसा तशा निघा," एवढंच ती म्हणाली. एसटीत बसले आणि कराड येईपर्यंत शालनवर मनातल्या मनात चिडत राहिले. गोळ्या चुकवल्या असणार, दुसरं काय! घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग... तिला आवडते म्हणून वहिनीनं दिलेला बुंदीचा पुडा पिशवीत तसाच राहिला.

शालन म्हसवडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सांगलीच्या एका दवाखान्यात ती नर्स, मी औषधांच्या खिडकीत. लग्नाच्या वाटेला दोघीही गेलो नाही. भाडं परवडेना म्हणून एका खोलीत राहिलो ते राहिलोच. हौशी नाटकाचं खूळ तिचं. मला तिनं ओढलं आणि गळ्यात डफ अडकवला. एकदा एका शिबिरात कुणीतरी जपानमधल्या जुन्या काळच्या एका नर्तकीची गोष्ट सांगितली. सहाशे वर्षं तरी झाली असतील. पुरुषी वेश करायचा, डोक्यावर उंच टोपी घालायची आणि ढोलाच्या ठेक्यावर गोष्ट सांगत नाचायचं, ही तिची कला. एका नटानं ती तिच्याकडून शिकून घेतली आणि आपल्या मुखवट्यांच्या नाटकात मिसळली. ते नाटक अजून चालू आहे. पण त्या रंगमंचावर पुढे शतकानुशतकं बायकांना जागा उरली नाही, आणि तिचं स्वतःचं म्हणावं तर नुसतं नाव राहिलं. घरी आल्यावर शालननं स्टोव्ह पेटवला. चहा टाकता टाकता म्हणाली, "ही बाई मी करनार."

जपानी टोपी आणायची कुठून? तिनं वडिलांचा तांबडा पटका काढला. धनगरांच्या ढोलावरच्या गजी नाचाच्या रिंगणात तिच्या गावी पुरुषच उतरायचे. ही लहानपणी वडिलांसमोर बसून त्यांचं पटका बांधणं तेवढं बघायची. वडील वारले तेव्हा रीतीप्रमाणे तेराव्याला वारस म्हणून नवा पटका तिच्या थोरल्या भावाच्या, बिरूअण्णांच्या डोक्याला बांधला गेला. जुना हिनं मागून घेतला. प्रयोगाआधी खोलीच्या एका टोकाला मी पटक्याचं टोक धरून उभं राहायचं आणि तिनं पीळ देत, डोक्याला गुंडाळत माझ्याकडे यायचं. "ढिला सोडू नगंस गं!" हे दर वेळी. प्रयोग झाला की बांधलेला पटका तसाच उलट्या कळशीवर ठेवायचा.

वडूज, विटा, खंडाळा... जिथं बोलावलं तिथं गेलो. टाळ्या मिळाल्या, कधी माणसं मध्येच उठूनही गेली. तिला हवं होतं ते एकच, भावानं एकदा बघावं. म्हसवडला प्रयोग ठरला तेव्हा बिरूअण्णा खरंच आले, पुढं बसले. आणि ती पटका बांधून रिंगणात उतरली, तसे उठून चालते झाले. शालननं प्रयोग पुरा केला. परतताना गाडीत मला म्हणाली, "त्याला लाज वाटली आसंल." त्यानंतर भाऊबीज झाली, लग्नकार्यं झाली, पण त्या प्रयोगाबद्दल दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही. मला त्या माणसाचा रागच होता.

तेराव्याला बिरूअण्णा चार भाऊबंद घेऊन आमच्या खोलीवर आले. मी कोपऱ्यात बसले होते. नातेवाइकांत मला कुठं बसवायचं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, मलाही नाही. ते कळशीपाशी गेले आणि पटका सोडायला लागले. मी ओरडलेच, "अहो, तिच्या हातचा बांधलाय तो!" पण तोवर निम्मा सुटला होता. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा." इतक्या वर्षांची सवय, मी धरलं. मग पीळ देत देत ते माझ्याकडे आले आणि माझ्याच डोक्याला पटका गुंडाळायला लागले.

"आवं आण्णा, बाईमानसाच्या डोक्याव?" कुणीतरी म्हणालं.

"आमची शालन बाईच हुती न्हवं?" ते म्हणाले. "तिच्या मागं ह्याच हायत."

शेवटी शेमला, म्हणजे पटक्याचं सुटं टोक, माझ्या उजव्या खांद्यावर सोडून ते थांबले. "ती डावीकडं सोडायची. बाप उजवीकडं सोडायचा. समोर बसून बगितलेलं, म्हनून उलटं शिकली. त्या दिशी म्हसवडात बगितलं आन् बापाम्होरं बसल्याली बारकी शालन दिसली मला... चारचौघांत रडायचं कसं? म्हनून उठलो." एवढं तिला सांगायला काय झालं होतं, असं विचारावंसं वाटलं. ते माझ्या खांद्यावरचा शेमला पुन्हा नीट करत होते.

पटका पुन्हा कळशीवर आहे. बांधलाय अगदी रीतीप्रमाणे, शेमला उजवीकडे. तिच्या हातचा एकही पीळ त्यात उरलेला नाही. परवा राहवलं नाही, सोडला. म्हटलं, तिच्यासारखा बांधू, डावीकडे. एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि पीळ देत निघाले. दोनदा केलं, दोन्ही वेळा मध्येच सैल पडला. शेवटी मी मोठ्यानं म्हणाले, "ढिला सोडू नगंस गं."