धरलेली जागा

सुट्टीनंतर व्याकरण-लेखनाची चाचणी घेऊन मी मुलांना ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीत घालतो. सरिता आणि शुभदा या जुळ्या बहिणींपैकी सरिता कच्ची, ती ‘ब’मध्ये जाणार हे ठरलेलंच. पण हुशार शुभदाच्या निबंधातही ओळीगणिक एकेक चूक होती. कच्च्या मुलांच्या चुका कशाही सांडलेल्या असतात; इतक्या शिस्तीत चुकायला व्याकरण पक्कं लागतं. मी तिला ‘अ’मध्ये टाकलं.

“सर, मला खरंच येत नाही हो,” ती रडत म्हणाली.

मायेपोटी कुणी स्वतःला कमी करून घेतं, आम्ही तेही तपासून खोडतो.

‘ब’च्या वर्गात गेलो, तर सरिता शेजारी दप्तर ठेवून बहिणीची जागा धरून बसली होती.

“दप्तर खाली ठेव,” मी म्हणालो.