तीन मिनिटं अधांतरी

त्या दुकानात पहिल्यांदा शिरणाऱ्याला बहुधा एक देखावा दिसायचाच. छताच्या लोखंडी तुळईला एक आकडा, आकड्याला साखळीची कप्पी आणि कप्पीला लटकलेला एक माणूस, जमिनीपासून हातभर वर. कधी तो मेकॅनिक असे, कधी सुपरवायझर. एकदा तर एका बड्या कंपनीचा खरेदी अधिकारी होता, टाय लावलेला, हातातली बॅग न सोडता झुंबरासारखा स्वतःभोवती हळूहळू फिरणारा.

"ताई, झालं का हो?"

"एक मिनिट चाळीस सेकंद. मांडीला कुठे काचतंय का?"

"सगळीकडेच काचतंय!"

"मग एक साइज मोठा घ्या. माप देताना पोट कशाला आत ओढलंत? मी काय स्थळ म्हणून बघत होते तुम्हाला?"

ताईचं दुकान लिफ्टवाल्यांसाठीच होतं. लिफ्ट बसवणारे, दुरुस्त करणारे, तेलपाणी करणारे असे सगळे तिथे यायचे. हेल्मेट, हातमोजे, जाड तळाचे बूट, उघड्या दारापुढे लावायचे पिवळे अडसर, मेन स्विचला घालायची कुलुपं असला सगळा संसार त्या अरुंद जागेत छतापर्यंत रचलेला. दर्शनी काचेत एक पुतळा होता. कपड्यांच्या दुकानातून आणलेला, त्यामुळे त्याचं तोंड कायम लग्नाला निघाल्यासारखं. त्याला नखशिखांत सजवून ताईने त्याचं नाव ठेवलं होतं जावईबापू. सगळा सरंजाम अंगावर, आणि काम काडीचं नाही.

पण दुकानाचा खरा मान पट्ट्यांचा. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते, तिथे काम करणारा माणूस खांद्यावरून आणि मांड्यांभोवती जो पट्टा बांधतो, तो पट्टा. ताई तो नुसता विकत नसे. "चपला आपण चालून बघतो, मग पट्टा लटकून का नाही बघायचा?" असं म्हणून ती गिऱ्हाइकाला तीन मिनिटं वर टांगायची. खरं तर हे वाक्य तिचं नव्हे, तिच्या दादाचं. अठरा वर्षांपूर्वी, तयार कपड्यांच्या दुकानातली मापं घ्यायची नोकरी सोडून तिने हे दुकान थाटलं, तेव्हा दादाने स्वतः शिडीवर चढून तो आकडा बसवला होता आणि पहिला तोच लटकला होता. नुसता लटकला नाही, दोन्ही हात पसरून एक खणखणीत तान मारली होती. रस्त्यावरचे लोक काचेला नाक लावून उभे राहिले होते. दुकानाची पहिली जाहिरात ती.

दादा म्हणजे लिफ्टच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून दुखणं सांगायचा. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. बहीण पन्नाशीला आली, अंगाने भरली, तरी त्याच्या तोंडी ती अजून 'बारके' होती.

दुकानाचे दोन नियम होते. पहिला, लटकल्याशिवाय विक्री नाही. दुसरा कात्रीचा. गल्ल्याशेजारी खुंटीवर एक भली मोठी कात्री टांगलेली असे. एखाद्या पट्ट्याने कुणाला पडताना झेललं की तो पट्टा संपला. वरून धडधाकट दिसला तरी आतून त्याची ताकद गेलेली असते. तो ताईसमोर आणायचा, ती त्याचे दोन तुकडे करायची, नवा द्यायची आणि वहीत लिहायची: कोण, कुठे, कसा पडला. ती वही दर महिन्याला कंपन्यांचे सुरक्षा अधिकारी वाचत. शिवाय दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने आपला पट्टा तिला दाखवून न्यायचा.

दादाच्या पट्ट्याची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

आधी तो म्हणाला, विसरलो. मग म्हणाला, धुवायला टाकलाय. ताई म्हणाली, "वहिनीकडे की लाँड्रीत?" शेवटी एका गुरुवारी दुपारी तो आला, पट्टा काउंटरवर टाकला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बघ पटकन, बारके. उद्यापासून हॉस्पिटलचं काम सुरू होतंय."

हॉस्पिटलचं काम काय आहे ते ताईला माहीत होतं. अडतीस वर्षांपूर्वी, ओठावर नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा, दादाने मदतनीस म्हणून जी पहिली लिफ्ट बसवली, ती याच हॉस्पिटलात. आता ती काढून नवी बसवायची होती. दादाने साहेबांच्या मागे लागून ते काम मागून घेतलं होतं. "मी जिला आणली, तिला मीच निरोप देणार," असं तो गेले सहा महिने भेटेल त्याला ऐकवत होता.

ताईने चष्मा चढवला. बकल बघितली, कड्या बघितल्या, पट्टे बोटांतून सरकवत ती पाठीकडे आली. तिथे पट्ट्याची एक घडी असते, मुद्दाम कच्च्या शिवणीने शिवलेली. माणूस पडला, हिसका बसला, की ती शिवण तुटते, घडी उलगडते आणि आतलं लाल कापड बाहेर येतं. पट्ट्याने दिलेली कबुलीच ती.

घडी बंद होती. शिवण सरळ होती. दोऱ्याचा रंगही अगदी तोच. पण ताईचा अंगठा तिथेच थबकला. शिवणीच्या सुरुवातीला तीन टाके मागे घेतलेले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. कारखान्यातलं मशीन असे टाके घालत नाही. तिने मान वर करून दुकानाच्या मागच्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं. त्याच्या कडेला तेच तीन टाके. घरच्या उशांच्या अभ्र्यांवर, तिच्या स्वतःच्या कपड्यांवर, तेच. सगळ्या गावात असे टाके घालणारी एकच बाई होती.

"दादा, हे वहिनीने शिवलंय."

"काय?"

"कधी पडलास?"

दादाने जावईबापूकडे बघितलं, जणू उत्तर तो देणार. मग स्टुलावर बसला.

"पडलो नाही गं. निसटलो. त्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर तेल सांडलं होतं. हात-दीड हात खाली गेलो असेन. जोडीदाराने ओढून घेतलं. खरचटलंसुद्धा नाही."

"आणि पट्टा?"

"त्यानेच तर धरलं! बारके, पुनर्जन्म झाला माझा याच्यात. आता हा माझा लकी पट्टा आहे. दुसरा घालून मला चैन पडायची नाही."

"याच्या वाट्याला एकच प्रवेश होता, दादा. तो याने झकास वठवला. आता याला पुन्हा रंगमंचावर ढकलू नकोस, तो तुझ्यासकट कोसळेल." तिचा हात कात्रीकडे गेला.

दादाने पट्टा झडप घालून उचलला. "नवा दे. पण वहीत लिहू नकोस. या वयात पडलो असं दिसलं की पहिल्यांदा खाली बसवतील. हॉस्पिटल जाईल हातातलं. मग डॉक्टर, मग तपासण्या, तोवर चार महिने संपले."

"लिहिल्याशिवाय पट्टा बदलत नाही, हे तुला माहीत आहे. तेल सांडलं होतं हे इतरांना कळायला नको?"

"सख्ख्या भावासाठीसुद्धा नाही?"

"सख्ख्या भावासाठी तर मुळीच नाही."

"मग हाच घालतो," दादा म्हणाला, आणि पट्टा काखेत मारून तरातरा निघून गेला. अठरा वर्षांत त्या दुकानातून संपलेला पट्टा पहिल्यांदाच आख्खा बाहेर पडला.

ताईने पाच मिनिटं वाट पाहिली. मग शटर खाली ओढलं, कात्री पिशवीत टाकली आणि भावाचं घर गाठलं.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. वहिनी खिडकीशी मशीनवर बसल्या होत्या. दादा पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता एवढंच. त्याने बहिणीला पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं. ताईने तिकडे काणाडोळा केला.

"वहिनी, दादाच्या पट्ट्यावरची तुमची शिवण पाहिली. काय हात आहे!"

वहिनी खुलल्या. "ओळखलंत ना, वन्सं? दोरा जुळवायला तीन दुकानं फिरले. हे म्हणाले, हत्यारांच्या पिशवीचा पट्टा उसवलाय. म्हटलं, पिशवीचा असला म्हणून काय झालं, नीट दिसायला नको?"

"पिशवीचा नाही, वहिनी. त्याला दादा लटकतो."

मशीन थांबलं. वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या पट्ट्याकडे. उठून तो घेतला, मांडीवर ठेवला, ब्लेडचं पातं काढलं आणि आपलेच टाके एकेक करून उसवू लागल्या. दादा म्हणाला, "अगं, ऐक तर," पण त्या ऐकत नव्हत्या. घडी उलगडली. लाल कापड बाहेर आलं. त्यावर पडणाऱ्या माणसाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत तीन शब्द.

"पट्टा वापरू नका," वहिनींनी वाचलं. "अहो, शिवताना मी विचारलं होतं ना तुम्हाला, हे लाल काय आहे? चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर. कंपनीची जाहिरात आहे म्हणालात!"

दादाने पेपर आणखी वर धरला.

"म्हणजे हे मी माझ्या हाताने आत शिवून टाकलं," वहिनी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर दादाला सोपं गेलं असतं.

ताईने थोडक्यात सगळं सांगितलं. तेल, सातवा मजला, वही, हॉस्पिटल. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "चला दुकानात."

"आत्ता? कशाला?" दादाने विचारलं.

"माप द्यायला."

माप दादाचं, असं दोघा भावंडांना वाटलं. पण दुकानात गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मला टांगा."

"तुम्हाला?"

"लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस कशावर लोंबकळतो ते मला बघायचंय. ती निळी विजार द्या इकडे, मी आत जाऊन चढवून येते."

ताईने नवा पट्टा काढला, वहिनींच्या अंगाला बेताने आवळला आणि कप्पीची साखळी ओढायला लागली. वहिनींचे पाय सुटले. एक वीत, दोन विती, हातभर. चप्पल गळून खाली पडली. त्या किंचित फिरल्या, आणि त्यांचा हात आपोआप भिंत शोधायला लागला. भिंत लांब होती.

दादा स्वतः हजारदा लटकला होता. दुसऱ्यांनाही लटकताना पाहून फिदीफिदी हसला होता. पण हिच्या पायाखाली हवा त्याने कधी पाहिली नव्हती.

"उतरव गं तिला."

"चाळीस सेकंद झालेत, दादा. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं."

"घाबरत्येय ती!"

"मी नाही घाबरत," वहिनी वरून म्हणाल्या. आवाज जरा पातळ झाला होता. "अहो, पडताना असंच वाटलं का तुम्हाला?"

दादाने मान वर केली. आपणच बसवलेल्या त्या आकड्याकडे बघितलं, मग साखळीकडे, मग पट्ट्याकडे, पाठीवरच्या त्या घडीकडे. नव्या पट्ट्याची घडी कारखान्याच्या शिवणीने बंद होती. तरी तो पुढे झाला आणि दोन्ही हात बायकोच्या पायांखाली धरून उभा राहिला, टोपली धरावी तसे.

"दादा, हात काढ, माप चुकतं."

"गप गं. वही दे."

"हात रिकामे नाहीत तुझे."

"मग तू लिही, मी सांगतो. सातवा मजला. तेल सांडलेलं. हात-दीड हात. तीन आठवडे लपवलं, तेही लिही. आणि आता उतरव तिला, बारके, पाया पडतो तुझ्या!"

"आणखी वीस सेकंद," ताई म्हणाली, आणि लिहायला लागली.  

वहिनी उतरल्या. त्यांनी गळलेली चप्पल पायात सरकवली आणि हात पुढे केला. ताईने कात्री त्यांच्या हातात दिली. जुना पट्टा जाड होता, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. तो तुटताना झालेला कर्र आवाज दादाने डोळे मिटून ऐकला.

व्हायचं ते झालं. सुरक्षा अधिकाऱ्याने वही वाचली, दादाला खाली बसवलं. हॉस्पिटलच्या त्या विहिरीत तो काही उतरला नाही. तळमजल्यावर दारासमोर अडसर लावून, स्टूल टाकून, नऊ दिवस तो खालून वरच्यांना सूचना देत राहिला, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या नर्सने येऊन दोनदा ओठांवर बोट ठेवलं. त्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर तेल कुठून सांडलं तेही निघालं. तिथला तेलाचा गळका डबा बदलला. जुन्या लिफ्टची बटणांची पितळी पाटी हाताखालच्या पोरांनी काढून त्याच्या मांडीवर आणून ठेवली. तेव्हा मात्र तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि नर्सला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

आता तो निवृत्त आहे. सकाळी भाजी आणायला जातो, वाटेत ताईच्या दुकानात टेकतो आणि लटकलेल्या गिऱ्हाइकांची थट्टा करतो. पिशवी वहिनींनी शिवलेली आहे, कापडी, मोठी. तिचे बंद पिवळे, रुंद, जुन्या पट्ट्याच्या तुकड्यांचे, आणि प्रत्येक बंदाच्या मुळाशी तीन टाके मागे घेतलेले.

"दादा, भोपळा आणलास होय?" ताई पिशवी उचलून बघत म्हणते. "पेलेल ना हे?"

"तुझ्या वहिनीला विचार. हत्यारांच्या पिशवीचा पट्टा म्हणालो होतो तिला," दादा म्हणतो. "हत्यारं गेली. पिशवीचं तरी खरं करून दाखवलं तिने."