पुण्यात उजाडलं

दर शनिवारी आमच्याकडे गजर व्हायचा पावणेचारला. सुट्टीच्या दिवशी! मी पांघरूण डोक्यावर ओढायची आणि हे दिवा लावून म्हणायचे, "ऊठ गं, ऊन तापायच्या आत खाली उतरायचंय." हे उतरणंच मला मान्य नव्हतं. सिंहगड कसा, आधी चढायचा, मग दही खाऊन रमतगमत उतरायचा. ॲरिझोनातल्या दऱ्यांचं सगळंच उलटं. सकाळी ताजेतवाने असताना उतरायचं आणि पाय बोलायला लागले की चढायचं. नसते उद्योग, असं मी दर शनिवारी म्हणायची आणि दर शनिवारी जायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही फिनिक्सला होतो. हे चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी एका लॅबमध्ये. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. इतर मराठी मंडळी शनिवारी कुणाकडे तरी जमायची, व्हीसीआरवर सिनेमे बघायची. आम्हाला म्हणायची, "तुम्ही दोघं वेडे आहात यार, दगडं काय बघता?" खोटं कशाला बोलू, मला ते लाल दगड आवडायला लागले होते. खाली ओढ्याकाठी बसलं की दोघांनाही बरं वाटायचं.

यांना दोन गोष्टींचा भारी सोस. एक पाणी. दर अर्ध्या तासाला मागे वळून "पाणी पी" म्हणणार म्हणजे म्हणणार. आणि दुसरं घड्याळ. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे पुणं बारा महिने साडेबारा तास पुढे. यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे, "आत्ता तिथे सव्वासात. बाबा पेपर वाचत असतील." कधी म्हणून चुकले नाहीत.

त्या भाद्रपदात यांच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी गुरुवारी तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. मी म्हटलं, हा शनिवार राहू दे, कॅन्सल करू. तर माझ्यावरच उखडले. "घरी बसून गाठ विरघळणार आहे का?"

त्याच आठवड्यात आईचं निळं हवाईपत्र आलं. तिला गाठीचं आम्ही कळवलंच नव्हतं. तिने आपलं सहज लिहिलं होतं, शनिवारी हरतालिका, रविवारी गणपती, तू काही करतेस की नाही? मी काहीच करत नसे. हरतालिकेला बायका नवऱ्यासाठी पाणीसुद्धा न पिता उपास करतात, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. लग्न ठरतानाच यांनी सांगितलं होतं, "माझ्या नावाने उपाशी राहायचं नाही. मला नाही पटत." मलाही पटत नव्हतं. एमएस्सी केमिस्ट्री झालेली बाई मी. पण ते पत्र वाचलं आणि मी जाम घाबरले. करून बघायला काय जातंय, असं वाटलं. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि यांना सांगायचं नाही असंही.

दरीत उतरायचं आहे हे माहीत असताना! आज कुणा मुलीने असं केलं तर मी तिच्या कानाखाली वाजवीन.

उतरताना काही वाटलं नाही. हे पुढे, मी मागे. चालता चालता यांचा हात मानेकडे जायचा, गाठ चाचपायचा, खाली यायचा. एरवी दर अर्ध्या तासाला ओरडणारा माणूस, त्या दिवशी "पाणी पी" दोनदाच म्हणाला. दोन्ही वेळा मी बाटली ओठाला लावली, पदर नव्हता म्हणून बाहीने तोंड पुसलं. खाली ओढ्यात पाय बुडवून बसलो. यांना दशम्या आणि लसणाची चटणी दिली. "तू?" म्हणाले. "पोट जड आहे, नंतर खाते." एरवी यांनी ते ऐकून घेतलं नसतं. पावलांवरून ते गार पाणी वाहत होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती.

अडीचला चढायला लागलो. तासाभरात डोळ्यांपुढे काजवे. मी मनात पावलं मोजत होते, शंभर झाली की परत एकपासून. मग मोजणंही जमेना. एका वळणावर कड्याची सावली होती तिथे मी बसले ती बसलेच. हे धावत मागे आले. माझ्या कपाळाला हात लावला आणि यांचा चेहरा उतरला. "घाम थांबलाय तुझा. पाणी पी." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरची बाटली ओढली. ती गच्च भरलेली होती.

"हे काय?"

मी सांगून टाकलं. काय करणार?

आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्यावर इतक्या जोरात ओरडले. "अक्कल गहाण टाकलीस का? इथे मेलीस तर माझी गाठ बरी होणार आहे? पी म्हणतो ना!" मीही इरेला पेटले. म्हटलं, "नाही पिणार. आता सोडला आणि सोमवारी काही वाईट निघालं तर? मी काय करू मग? सांगा ना!" आणि मला रडू फुटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा येत नव्हतं.

हे माझ्यासमोर मातीत बसले. पुन्हा हात मानेकडे गेला. या वेळी तो खाली आलाच नाही. इतके दिवस मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच आहे.

मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"साडेचार," म्हणाले. "तिथे पहाटेचे पाच. पुण्यात उजाडलं."

"पाचला कुठे उजाडतं? अंधार असतो चांगला."

"तुझी आई पाचला उठते की नाही? आंघोळ करून पूजेला बसली असेल. तिचा उपास सुटला. हरतालिका कुठली, पुण्याची की फिनिक्सची? दिवस तिने कळवला, तिच्या कॅलेंडरवरचा. मग सोडायचाही तिच्याच घड्याळाने."

मुंजीनंतर कधी संध्या न केलेला हा माणूस माझ्याशी शास्त्रार्थ करत होता! हसू येण्याइतकं त्राण असतं तर मी हसले असते. यांनी बाटलीचं झाकण उघडलं, माझा उजवा हात पुढे ओढला, तळव्याचा द्रोण केला आणि तीर्थ देतात तसं त्यात पाणी ओतलं. "घोट घोट घे. घाई करू नकोस." मी प्यायले. मग आणखी प्यायले. अर्धं यांनी माझ्या डोक्यावर ओतलं. वर गाडीशी पोचायला पूर्ण काळोख झाला, पण पोचलो.

सोमवारी रिपोर्ट आला. वाईट होता.

पार्किंगमध्ये मी गाडीचं दार उघडत नव्हते. मनात एकच, मी पाणी प्यायले. यांना ते न सांगता कळलं. म्हणाले, "तुकडा गुरुवारी काढला होता गं. तू पाणी शनिवारी प्यायलीस." मला ते पटलं. केमिस्ट्रीवाल्या बाईला पटायलाच हवं. तरी रात्रीबेरात्री ते पाणी घशात अडकायचं, ते अडकायचंच.

पुढे ऑपरेशन झालं, औषधं झाली, मधली दोन वर्षं बरीही गेली. दऱ्या आम्ही सोडल्या नाहीत, फक्त सपाटीच्या वाटा धरल्या. आणि मी हरतालिका धरली. यांनी एकदाही नको म्हटलं नाही. दरवर्षी त्या दिवशी दुपारी साडेचारला ऑफिसातून लवकर येऊन माझ्यासमोर पेला धरायचे. "पुण्यात उजाडलं." तेवढंच बोलायचे.

चौथ्या वर्षी हरतालिकेला हे हॉस्पिटलात होते. सकाळी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. बोलणं जवळजवळ थांबलेलं, डोळे मिटलेले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि हात पेल्याकडे नेला. उचलता येईना, म्हणून नुसता माझ्याकडे ढकलला.

"पुण्यात उजाडलं," म्हणाले. "पी."

पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा यांचा हिशेब चुकला होता.

मी पेला उचलला आणि त्यांच्यासमोर सगळं पाणी प्यायले.