मढच्या घळीतले वाम मासे

कालवं काढण्यात वर्सोव्याची मार्सेलिना कुणाला हार जायची नाही. ओहोटी लागली की नणंदेला, हिल्डाला घेऊन ती तरीने खाडी ओलांडायची आणि मढच्या खडकांवर पोचायची. दोघी वाटेल तिथे चढायच्या, एक घळ तेवढी सोडून. तिथं साप राहतात, असं सगळा गाव म्हणायचा.

चोपन्न सालच्या थंडीत एकदा समुद्र फार आत गेला. घळीच्या तोंडाशी कालवं नुसती लगडली होती. हिल्डा नको नको म्हणत असताना मार्सेलिना आत शिरली. कालवं फोडून तिनं टोपली भरली, आणि निघताना शेवाळावरून घसरून आपटली. घोटा मुरगळला, टोपली डबक्यात पालथी झाली.

"हिल्डा, होडी आण गं! चालवत नाही मला!"

"भरती लागली ना! वर चढून बस, आलेच मी!"

कालवं चिकटतात तिथवरच पाणी चढतं, हे मार्सेलिनाला ठाऊक होतं. सरपटत ती त्याच्या वरच्या कोरड्या कपारीत जाऊन बसली. पाणी आत येऊ लागलं. छताच्या फटीतून उन्हाची तिरीप डबक्यात उतरली होती.

आणि खडकाच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग जिकडेतिकडे. तिच्या अंगावर काटा आला. पण हे साप नव्हते. बोटाएवढे, तपकिरी, इवल्या पांढुरक्या डोळ्यांचे वाम मासे! तोंडं उघडमिट करत, वासावर वासावर ते सांडलेल्या कालवांकडे निघाले. एकमेकांखालून, एकमेकांवरून, कुठेही न अडखळता. पाणी वाढेल तशी सगळी घळ हलू लागली. मार्सेलिना श्वास घ्यायची विसरली. जन्मभर आपण यांच्या डोक्यावरून चालत होतो, आणि यांचं एवढं मोठं घर इथं!

हिल्डानं बोलावून आणलेल्या दशरथ तांडेलाने होडी घळीच्या तोंडाशी लावली.

"चावले का गं?" हिल्डा रडकुंडीला आली होती.

"गप! आधी बघ."

हिल्डानं वाकून पाहिलं. क्रूसाची खूण करायला तिचा हात आपोआप कपाळाकडे, मग छातीकडे गेला. दशरथनं वल्हं वर धरलं ते धरलंच.

घोटा बरा व्हायला महिना लागला. त्या घळीतलं एकही कालव मार्सेलिनानं पुन्हा फोडलं नाही. मोठ्या ओहोटीला मात्र ती आत जाऊन बसायची, आणि पाणी वळलं की हिल्डा बाहेरून हाका मारून मारून तिला उठवायची.