एकाच पट्टीची दोन नावं

बेळगावच्या एका हौशी नाटकमंडळीनं गेल्या वर्षी मला आणि माझ्या निपाणीच्या मैत्रिणीला मिळून पार्श्वसंगीत करायला सांगितलं. लहानपणी आम्ही दोघी एकाच मास्तरांकडं पेटी शिकलो. मास्तर नेहमी तिलाच पुढं बसवायचे. तिचा हात खरंच गोड होता, आणि ते मला अजून सहन होत नाही.

चाली तिनं बांधायच्या आणि मी टिळकवाडीत घरी बसून संगणकावर वाद्यवृंद उभा करायचा, असं ठरलं. अशा कामाच्या तयार संचात खऱ्या वादकांचे सूर एकेक करून ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि ते कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवलेले असतात. असा एक संच माझ्याकडं होता. तिचा निरोप आला, "व्हायोलिनं सी-थ्रीपासून चढव."

सी हे सुराचं नाव आणि थ्री हा सप्तकाचा आकडा; तिथून मी सूर वर चढवत नेले. सुरुवातीचे सूर निघालेच नाहीत. मग मधूनच, दचकल्यासारखा, एक सूर उमटला.

मला काळजी वाटायला हवी होती, पण आतून उकळ्या फुटल्या. हिला एवढंही कळत नाही! तालमीला सगळ्यांसमोर मी ते तसंच वाजवलं.

"ऐका. व्हायोलिनवर नसलेले सूर दिलेत हिनं."

ती उठून माझ्या शेजारी आली. "अगं, मधली पांढरी एक दाब बघू."

पेटीवर आम्ही जिला पांढरी एक म्हणायचो, ती मधल्या सप्तकाची पहिली पट्टी मी दाबली. पडद्यावर सी-फोर उमटलं.

"माझ्या संचात हिलाच सी-थ्री म्हणत्यात," ती हसली. "बनवणाऱ्यांचं आपसात एकमत न्हाय गं. मीबी पहिल्यांदा अशीच फसलते."

म्हणजे मी तिची चाल एक सप्तक खाली वाजवत होते, आणि व्हायोलिन तितकं खाली उतरतच नाही. तिनं सगळं वर सरकवलं. व्हायोलिनं भरून वाजली.

"लई भारी!" दिग्दर्शक तिच्याकडं बघून म्हणाले.

"माझं काय त्यात? वाद्यवृंद हिनं उभा केलाय," ती म्हणाली.

तिनं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. हा चांगुलपणा मात्र मला घरी पोचेपर्यंत बोचत राहिला.

नाटक चांगलं झालं. मंडळीनं पुढच्या नाटकाचं सगळं संगीत तिच्या एकटीकडं दिलं. तिनं मला फोन केला, "तू येणार न्हवं? मला एकटीला जमायचं न्हाय."

तिला जमलं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. मला ती कशी काम करते, ते जवळून बघायचं होतं.