शेऱ्याचा रकाना

वडवणीजवळच्या एका गावात मी चौथीचा वर्ग घेत होते. दिवाळी झाली की वर्ग निम्मा व्हायचा. तांड्यावरची माणसं सहकारी कारखान्याला ऊस तोडायला निघायची आणि पोरंही ट्रकमध्ये चढायची. जाताना प्रत्येकाच्या हाती एक कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्यावरच्या शाळेला कळावं, लेकरू किती शिकलंय. त्यात शेऱ्याचा एक रकाना होता. तिथं मी डोळे झाकून लिहायचे, 'ऊसतोडीमुळे अभ्यासात मागे.'

त्यांतली एक मुलगी तोंडी हिशेबात सगळ्या वर्गाला पाणी पाजायची. वाचायला उभी केली की मात्र घामाघूम. अक्षरं मागंपुढं करायची, ओळच्या ओळ गाळायची. सहा महिने शाळा बुडते, त्यात घरची बोली वेगळी, दुसरं काय होणार, असं मी म्हणायचे. दोन कारणं आयती हाताशी असल्यावर तिसरं शोधायचा त्रास कोण घेतो?

मग दुष्काळ पडला. ऊस उभ्याउभ्या वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, मुकादम तांड्याकडं फिरकला नाही. तिची आई शाळेत आली. हातचं काम गेलेलं, तरी बाई हसत होती.

"बाई, औंदा आमी कुटंच जात न्हाई. लेकरू सालभर तुमच्यापाशीच हाय. आता यील न्हवं तिला वाचाया?"

"येईल की," मी म्हणाले.

पोरीनं एका दिवसाचा खाडा केला नाही. टँकरवर कुणाचा नंबर कितवा, हे अख्ख्या तांड्याचं तिला पाठ. भांडण लागलं की बायका तिलाच विचारायच्या. पुस्तक मात्र होतं तिथंच. हे काहीतरी वेगळं आहे, एवढं मला दिसत होतं. मी काय केलं? छड्या मारल्या. आणि वर्ष संपल्यावर प्रगतिपुस्तकात हाताच्या सवयीनं तेच लिहिलं, 'ऊसतोडीमुळे अभ्यासात मागे.' त्या वर्षी उसाचं टिपरूही तोडलं गेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी खाली सही केली.

पुढच्या हंगामाला ती आईबरोबर गेली, ती मोळ्या बांधायलाच. शाळेत परत आली नाही.

काही वर्षांनी माझ्या स्वतःच्या मुलीची अक्षरं मागंपुढं व्हायला लागली. तिला मी आठवड्याच्या आत औरंगाबादला नेलं. डॉक्टरांना बारीकसारीक सगळं सांगितलं. अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला, पेपरला जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाली. घरी मी तिच्यासाठी ओळीखाली पट्टी धरून बसायचे. तिच्यावर कधी हात उगारला नाही.

वडवणीच्या बाजारात तांड्यावरची ती आई भेटली. तिची पोर आता नवऱ्याबरोबर ऊस तोडते, म्हणाली. मग माझ्या मुलीचं विचारलं आणि मी मूर्खासारखी कौतुकानं सांगत सुटले: डोकं हुशार असतं, नुसती अक्षरं दगा देतात, वेगळ्या पद्धतीनं शिकवलं की येतं.

ती भाजीची पिशवी धरून ऐकत राहिली.

"आमच्या पोरीचंबी आसंच व्हतं की, बाई."

तिलाच माझी कीव आली असावी.

"जाऊ द्या. चूक आमचीच. आमीच तिला दरसाल उसाला न्यायचो."

दुष्काळाच्या वर्षी नेलं नव्हतं, याची आठवण मी तिला करून दिली नाही.