नथीचा आकडा

ओळखीतल्या कुणाच्या मुलीचं नाक टोचायचं निघालं की मला विचारायला येतात. मी जे सांगते ते सगळं अमरावतीच्या एका सोनारणीचं आहे. नवऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत पडदा लावून ती बायकांची नाकं-कानं टोचायची. सोन्याच्या तारेला दगडावर धार लावायची, तार हळदीच्या तेलातून काढायची आणि समोरची बाई श्वास घेते न घेते तोच आरपार. कुणी शकुनाच्या, मुहूर्ताच्या गोष्टी काढल्या की ती म्हणायची, "जखम आहे वं माय. जखमेवानी सांभाळा."

पन्नासचं दशक संपता संपता मी तिच्याकडे गेले ते माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन. ताईचं नाक लहानपणीच टोचलेलं होतं. आता ते फाटलं होतं आणि पुन्हा टोचायचं होतं.

फाटलं ते असं. ताईचं सासर अकोल्याला, भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यांचा हात उठतो हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. आमच्या घरी त्याला 'तापट' म्हणायचं असं ठरून गेलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईनं नथ घातली होती. बायका गेल्यावर भाऊजींनी विचारलं, बाहेर बसलेल्या मित्राला चहा का नाही? ती म्हणाली, "दूध नाही. तुम्ही आणणार होता." मित्रानं ते ऐकलं आणि तो हसला. मित्र गेल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात आले, तिची नथ मुठीत धरली आणि खाली ओढली.

सासूबाईंनी त्या नथीच्या आकड्याला मुद्दाम पीळ मारून घेतला होता. कधीतरी एका लग्नाच्या गर्दीत त्यांच्या नात्यातल्या बाईची नथ पडली होती. तेव्हापासून त्या घरातल्या सुनांच्या नथी सोनाराकडून अशा पक्क्या करून घेत की कितीही हिसका बसो, सुटायच्या नाहीत. सोनं जपायची त्यांची ही रीत. त्या दिवशी आकडा सुटला नाही. नाकपुडी भोकापासून कडेपर्यंत फाटली. ताईची मुलगी, नुकती बोलायला लागलेली, पाटावर बसून भात खात होती. आईचं रक्त तिच्या ताटलीत पडलं.

दवाखान्यात टाके घातले, ताईला माहेरी, अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं, आणि मुलीला ठेवून घेतलं.

काही महिन्यांनी अकोल्याहून माणूस आला. धाकट्या दिराचं लग्न ठरलंय, नव्या नवरीला थोरल्या सुनेनंच ओवाळायला हवं, मोकळ्या नाकानं दारात उभी राहिली तर लोक काय म्हणतील, तेव्हा नाक टोचून या. पोर इथं मजेत आहे. सोबत तीच नथ पाठवली होती, स्वच्छ धुऊन.

बाबा शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "बोलावताहेत हेच खूप." आई लाडवांचा रवा भाजायला बसली. ताई मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"लग्नाचं घर माणसांनी भरलेलं असणार. पोरीला उचलून निघायला तेवढाच दिवस आहे. नाक टोचल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, तर टोचून घेते. तू येशील?"

मी म्हटलं, येईन.

सोनारणीनं ताईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय वं, कोनं फाडलं हे? बैलानं का नवऱ्यानं?"

"नवऱ्यानं."

"मंग बैल बरा. त्याले वेसण तरी घालता येते."

पडद्याआड थांबलेल्या बायका फिस्सकन हसल्या. ताईसुद्धा हसली आणि टाक्यांची जागा ओढली गेली म्हणून कळवळली.

सोनारीण वणावरून अंगठा फिरवत बोलत राहिली. वणावर कधी टोचायचं नाही, वणाचं कातडं मेलेलं असतं, भोक पडतं पण भार धरत नाही. वण पांढरा पडला आहे, म्हणून हात लावते. लाल असता तर परत पाठवलं असतं. टोचायचं ते वणाच्या वर, गालाकडे. पहिले काही दिवस तार फिरवायची नाही, खपली नखानं काढायची नाही, फक्त मिठाच्या कोमट पाण्यानं भिजवायची. भोक बसल्यावर कडुनिंबाची काडी. नथीचा भार नाकानं वाहायचा नाही, नथीला काळा दोरा बांधून तो केसांत खोचायचा.

मग तिनं सासरहून आलेली नथ हातात घेतली, पीळ पाहिला आणि कचकचीत शिवी दिली.

"हे कोन्या गाढवानं केलं? नथ हाये का बैलाची कडी? आकडा मऊ पायजे, मऊ. वढलं तं आकडा उघडला पायजे, नाक नाही. सोनं खाली पडलं तं सापडते."

"सासूबाईंना कळेल," ताई म्हणाली.

"वरून काय दिसते तिले? मी आतून बदलून देतो." पकडीनं तिनं तो पीळ कापून टाकला. "आन आयक. निजताना नथ काढत जा. नवरा जवळ आला तरी काढ, मारायले आला तरी काढ. जवळ येते तवा टाइम भेटते, मारायले येते तवा भेटत नाही, म्हनून मऊ आकडा."

बाहेर पुन्हा हसू फुटलं. त्या हसण्यातच तिनं तार आरपार घातली. ताईनं माझ्या मनगटात नखं रुतवली, ओरडली नाही.

अकोल्याला ताईनं नव्या नवरीला ओवाळलं. सगळ्या बायकांनी तिच्या नाकाकडे पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं आणि मान हलवली. मुलगी आईला चिकटली ती सुटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगती उठल्यावर ताईनं मला पेटी मागच्या दाराशी न्यायला सांगितलं. आचारी परसात चुलवणावरून कढया उतरवत होता. ताई मुलीला कडेवर घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग भाऊजी.

"कुठं चालली?"

"अमरावतीला."

"पोर खाली ठेव."

"नाही ठेवत."

त्यांनी तिच्या कानशिलात मारली. मुलीचा दंड धरून ओढायला लागले. ताईनं सोडली नाही म्हणून तिच्या पोटऱ्यांवर लाथ घातली. मी मुलीला दुसऱ्या बाजूनं कवेत घेतलं आणि ती माझ्याकडे आली. ताईचे हात मोकळे झाले. तेव्हा भाऊजींनी नथ धरली. अंगातला सगळा जोर लावून, दात खाऊन, मागे झुकून ओढली.

आकडा उघडला. ते नथ घेऊन मागच्या मागे गेले आणि चुलवणाच्या दगडांवर पाठीवर पडले. एक हात निखाऱ्यात गेला, डोकं कढईच्या कडेवर आदळलं. उठायला त्यांनी दुसरा हात जमिनीवर टेकला. ताईनं आचाऱ्याचा लोखंडी झारा उचलला आणि त्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला पेटीजवळ ऐकू आला. तिनं पुन्हा हाणला, मग खांद्यावर, मग पाठीवर. भाऊजी गुरासारखे ओरडत होते. आचारी "बाई, बाई" म्हणत होता, जवळ मात्र जात नव्हता. लग्नाला आलेले पुरुष ओसरीवरून धावत आले आणि झारा पाहून जागीच थबकले. सासूबाई आल्या त्या थेट राखेत बसल्या. "नथ कुठं गेली? अरे, नथ शोधा आधी!"

ताईनं झारा टाकला, पदर सारखा केला, मुलीला माझ्याकडून घेतलं. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बडनेऱ्याला गाडी बदलली. तिथं मी तिचं नाक तपासलं. भोकाशी रक्ताचा एक थेंब होता, बाकी शाबूत.

आठवड्यात भाऊजींचे काका अमरावतीला आले. सभ्य माणूस, टोपी मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, झालं गेलं विसरू, पोर आमच्या घरची आहे, ती द्या; सून मागाहून आली तरी चालेल. बाबा खाली बघत "हो, तसं आहे खरं" म्हणाले.

ताई दारातून म्हणाली, "काका, त्यांचा हात बरा झाला का?"

"अजून प्लास्टरात आहे बाई."

"मग तो बरा होईपर्यंत बोलणी नकोत. आणि बरा झाल्यावर तर मुळीच नकोत."

"बघा मास्तर," काका बाबांना म्हणाले, "असं बोलते ही. तुम्ही सांगा तिला. तुम्ही आत्ताच हो म्हणालात."

मुलगी आतून रांगोळीचा डबा घेऊन आली होती. बाबांनी तिला हाक मारली. ती त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावरून फिरवायला म्हणून त्यांनी हात उचलला. तिनं डबा टाकला, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही तळव्यांनी नाक झाकून घेतलं.

बाबांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हळूहळू, तिला दिसेल असा, आपल्या मांडीवर ठेवला. मुलीनं बोटांच्या फटीतून पाहिलं आणि तळवे काढले नाहीत.

"तुमची गाडी किती वाजताची आहे?" बाबांनी काकांना विचारलं.

"संध्याकाळची. पण आधी हे मिटवून..."

"दुपारचीही एक आहे," बाबा म्हणाले. "ती गाठा. पोर इथं राहील."